बस्त्याव मेस्त्रीची भिंत

वसईजवळच्या गोखिवऱ्याला बस्त्याव मेस्त्रीचा इंजिनदुरुस्तीचा गाळा होता. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर खिळे दिसायचे आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी लोखंड टांगलेलं. फुटलेला पिस्टन, वाकलेला व्हॉल्व्ह, दात गेलेलं चाक, चीर पडलेलं हेड. प्रत्येकाखाली लाल ऑइलपेंटने एक नाव. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मेस्त्री, हे विकायला काढलंय काय?"

"नाय," मेस्त्री म्हणायचा. "ही आमची दफनभूमी. लोखंड वर, माणूस खाली."

त्याच्याकडे कामाला असलेल्या माणसाने एखादा भाग वाया घालवला की तो भाग त्या भिंतीवर जायचा आणि माणसाचं नाव त्याखाली. माणूस काम सोडून गेला तरी नाव तिथेच. मेला तरी तिथेच. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचं नाव होतं, आणि त्या नावाखाली बसून मी कित्येक वर्षं रॉकेलमध्ये इंजिनं धुतली.

माझा नवरा शांताराम मेस्त्रीकडे फिटर होता. आम्ही राजापूरकडचे. नव्वदच्या आसपास इथे आलो, गोखिवऱ्याच्या चाळीत खोली घेतली. शांताराम दारू प्यायचा. एकदा पिऊन कामावर गेला आणि हेडचे बोल्ट एका बाजूने आवळत सुटला. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. ते आवळताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे असतात. हे मला आज झोपेतही माहीत आहे. त्याला फक्त शुद्धीवर माहीत होतं. हेड वाकडं झालं, चीर गेली, भिंतीवर चढलं. पुढे शांतारामचं लिव्हर गेलं आणि तोही गेला.

मी काम मागायला गेले तेव्हा मेस्त्री स्टुलावर बसून पिस्टनवरचा काजळीचा थर खरवडत होता. माणूस बुटका, खाकी अर्धी चड्डी, गंजिफ्रॉक, आणि शरीराला न शोभणारे मोठे हात. अंगठे तर दुसऱ्या कुणाचे आणून लावल्यासारखे. त्याने मान वर केली नाही.

"काय येतं?"

"काही नाही."

"शिकलीस?"

"चौथी."

"मग चौथी, बस तिकडं. त्या घमेल्यात रॉकेल हाय, त्यात ते सगळं धू. धुतलेलं खाली ठेवू नको. खाली ठेवलंस तर परत तूच धुशील."

त्या दिवसापासून माझं नाव चौथी. माझं खरं नाव त्याने कधी विचारलं नाही.

काही दिवस गेल्यावर मी म्हटलं, "मेस्त्री, शांताराम गेला. आता त्याचं नाव पुसा."

तो म्हणाला, "तो गेला. हेड सरळ झालं काय?"

मी वर बघितलं. हेड सरळ झालेलं नव्हतं. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मेस्त्री सांडोर गावचा. तिथे त्याची थोडी केळी होती, घर होतं, बायको गेलेली होती. मुलगा विल्सन विमानतळावर नोकरीला. दर रविवारी मेस्त्री चर्चमध्ये मिस्सा ऐकायला जायचा, पण गाळ्यात त्याने क्रूस लावला नव्हता. "देवाला इथलं बोलणं ऐकवत नाय," असं म्हणायचा. ते खरं होतं. आमच्याशी तो मुंबईच्या मराठीत बोलायचा आणि शिव्या मात्र घरच्या बोलीत द्यायचा, आम्हाला कळू नयेत म्हणून. शिवी कळायला बोली यावी लागत नाही.

दुपारी तो आमच्याकडे पाठ करून जेवायचा. कुणाला डब्यातलं दिलं नाही, कुणाचं घेतलं नाही. एका नाताळला मेस्त्रीच्या घरून माझ्यासाठी काहीतरी गोड आलं होतं, त्याच्या सुनेने पाठवलेलं. मेस्त्रीने पुडा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "खा. तिने पाठवलं. मी असतो तर पाठवलं नसतं."

असल्या माणसाकडे गिऱ्हाईक का यायचं? कारण त्याच्याकडून गेलेलं इंजिन परत यायचं नाही. वसईच्या बागायतीत तेव्हा पाणी ओढायला डिझेलची इंजिनं फार. बंद पडलं की केळी, भाजी, पानवेल सगळं डोळ्यांदेखत सुकायचं. लोक टेम्पोत घालून इंजिन आणायचे. पण मेस्त्री ते लगेच उतरवून घ्यायचा नाही. आधी कुमसार. म्हणजे चर्चमध्ये फादरपुढे गुडघे टेकून पाप सांगतात ना, तसं. इंजिनाचं काय वाटोळं केलंस ते गाळ्याच्या दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. त्याशिवाय हात नाही लावणार.

"फादरकडं मधे पडदा असतो," तो म्हणायचा. "माझ्याकडं पडदा नाय. आणि फादर माफ करतो. मी करत नाय."

सांडोरचा पास्कल म्हणून एक बागायतदार होता, मेस्त्रीच्याच गावचा. तो आणि त्याची बायको इंजिन घेऊन आले. मे महिना होता. पास्कल म्हणाला, "मी काय केलं नाय मेस्त्री. आपोआप बंद पडलं."

"आपोआप आंबा पडतो. इंजिन मारावं लागतं. बोल."

"खरंच सांगतो."

"मग जा. सांडोरला विहिरीतून बादलीनं काढ पानी."

टेम्पो उन्हात उभा. पास्कल कधी टेम्पोच्या सावलीत, कधी दारात. मेस्त्री दुसऱ्या कामात. दुपार झाली, मेस्त्री पाठ करून जेवला, हात धुतले. शेवटी पास्कलची बायकोच म्हणाली, "सांगून टाका ना एकदा. वेल जळतात तिकडं." तेव्हा पास्कल खाली बघत पुटपुटला की ऑइल संपलेलं कळलं होतं, पण दुकानापर्यंत जायचा कंटाळा केला.

"मोठ्यानं. इंजिनाला ऐकू गेलं पायजे."

पास्कल मोठ्याने बोलला. बाजूच्या गाळ्यांतली माणसं बाहेर येऊन हसत उभी होती. पास्कलच्या डोळ्यांत पाणी आलं. मेस्त्री म्हणाला, "आता रडतो. एवढं पानी बागेला घातलं असतंस तर इकडं यावं लागलं नसतं." आणि मग स्वतःच्या हाताने इंजिन उतरवून घेतलं, सगळी कामं बाजूला सारली आणि दुसऱ्या दिवशी ते चालू करून दिलं. पास्कलची बाग वाचली. पास्कल त्याला कधी विसरला नाही. कसा विसरला नाही ते पुढे येईलच.

मेस्त्रीचा एक नियम होता. मी खोललं नाय ते मी बांधत नाय. दुसऱ्याने खोलून सुटे भाग आणले की तो बघायचाही नाही. इंजिन खोलायच्या आधी तो छिन्नी घेऊन जोडाच्या दोन्ही बाजूंना खाच मारायचा, अंगठा फिरवला की लागेल अशी. परत बांधताना खाच खाचेसमोर आली की झालं. आम्ही म्हणायचो, कंपनीने खुणा केलेल्याच असतात, तुम्ही कशाला मारता? तो म्हणायचा, "कंपनीची खून कंपनीला. माझी खून मला."

आणि इंजिन चालू केल्यावर तो लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक इंजिनाला लावायचा आणि मूठ दातांत धरायचा. डोळे मिटून उभा राहायचा. आतला आवाज दातांतून डोक्यात जातो म्हणे. त्या वेळी गाळ्यात कुणी खोकायचं नाही. कधी पेचकस काढून नुसतं "बरं हाय" म्हणायचा, कधी काही न बोलता पाना घेऊन सगळं परत खोलायचा. कुठे काय आहे ते त्याला ऐकू आलेलं असायचं. हे मी स्वतः पाहिलंय आणि ते नाकारणार नाही. त्याच्यासारखं काम करणारा मी दुसरा पाहिला नाही. त्याच्यासारखा दुष्टही पाहिला नाही.

नंतर नंतर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. माप घ्यायचं उपकरण तो माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "वाच बघू चौथी. बघू मास्तरनं काय शिकवलं." मी वाचायची. चुकले की शिवी, बरोबर आलं की "पोपट बोलला". मला वाटायचं हा माझी चेष्टा करतो. भिंतीवर नाव लिहायचं कामही त्याने मला दिलं. आधी स्वतः लिहायचा, एकदा ब्रश माझ्याकडे फेकला. "सरकारनं तुझ्यावर चार वर्षं खर्च केला, तो वसूल होऊ दे." मग एकदा चहा ओतताना मी बघितलं. चहा बशीच्या बाहेर पडत होता आणि तो ओततच होता.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मी फडक्याने चहा पुसला. तो म्हणाला, "कुणाला बोललीस तर तुझं घमेलं बाहेर."

मी कुणाला बोलले नाही. घमेलं बाहेर गेलं तर मी कुठे जाणार होते? पण विल्सनला संशय आला होता. तेव्हा गोखिवऱ्यात गाळ्यांना फार मागणी होती, प्लॅस्टिकवाले तर दार ठोठावत यायचे. विल्सनला गाळा भाड्याने द्यायचा होता आणि बापाला घरी बसवायचं होतं. बापलेकांचं आमच्यासमोरच व्हायचं.

"पप्पा, बस झालं आता. डोळे दाखवा आणि आराम करा."

"डोळे तुला दाखवू? तू डाक्टर हायस? तू बॅगा उचलतोस."

"मी बॅगा उचलत नाही. आणि मी स्पष्ट सांगतो. गाळा माझ्या नावावर आहे. ज्या दिवशी तुमच्याकडून एक इंजिन परत आलं, त्या दिवशी मी प्लॅस्टिकवाल्याला चावी देणार."

"आजवर आलं काय?"

"आजवर नाही आलं. म्हणून तर थांबलोय."

असं ठरलं. मेस्त्री पंपाची इंजिनं अंगठ्याने बांधू शकत होता, स्वतःच्या खाचा होत्याच. त्यामुळे परत काही आलं नाही. विल्सन वाट बघत राहिला. आणि मग हरीशेठ आला.

त्या वर्षांत लॉनवर लग्न लावायची टूम निघाली होती. हरीशेठने आपल्या भातशेतीवर हिरवळ लावली, भोवती भिंत घातली, कमान उभारली आणि लग्नांना भाड्याने द्यायला लागला. एवढं गवत कापायला त्याने कुठल्याशा क्लबाच्या भंगारातून एक गाडी आणली होती. वर बसून चालवायची, पोटाखाली पाती फिरतात आणि गवत कापत जातं. विलायती गाडी. इंजिन झिजलेलं, धूर ओकणारं. हरीशेठच्या माळ्याने हौसेने ते पार खोललं आणि मग परत बांधता येईना. नवा पिस्टन आणि रिंगा शेठने बाहेरून मागवल्या होत्या, त्या आल्या. पण बांधणार कोण? ते सगळं तो गोणपाटात गुंडाळून मेस्त्रीकडे घेऊन आला. विल्सन त्या दिवशी सुट्टी म्हणून गाळ्यात होता.

मला वाटलं मेस्त्री गोणपाट बाहेर फेकणार. नियमच होता. पण विल्सनच आधी बोलला.

"शेठ, पप्पांना नाही जमणार. दुसऱ्याने खोललेलं ते घेत नाहीत. आणि आता दिसतही नाही त्यांना नीट."

मेस्त्री म्हणाला, "ठेव खाली."

हरीशेठने कुमसारही केला. हसत हसत केला, कारण चूक माळ्याची होती. मेस्त्रीने तोही चालवून घेतला. मला तेव्हाच कळलं की हे वाईटाला जाणार.

त्याने इंजिनावर मन लावून काम केलं. हे इंजिन आमच्या पंपासारखं नव्हतं, याचा दांडा उभा, खाली पात्यांकडे जाणारा. तरी तो त्याला हाताने ओळखत गेला. सिलिंडरच्या आत नख फिरवून झीज कुठे आहे ते बघितलं, कानाकोपऱ्यातून बोट फिरवलं. सिलिंडर बाहेर नेऊन नव्या पिस्टनच्या मापाचा कोरून आणला. व्हॉल्व्ह मी घासले, दोन तळहातांत काठी धरून, ताक घुसळतात तसे. रिंगांवर बारीक अक्षर होतं, वरची बाजू कुठली ते सांगणारं. ते त्याने मला नेहमीसारखं चेष्टेने विचारून घेतलं. सगळं ठीक चाललं होतं.

रॉड बसवायचा होता त्या दिवशी मात्र विल्सन आला आणि हरीशेठही आला. दोघं खुर्च्या घेऊन समोर बसले. आता मेस्त्रीला मला काही विचारता येईना.

पिस्टनला खालून जो दांडा जोडलेला असतो त्याला रॉड म्हणतात. रॉडच्या खालच्या टोकाला कडं असतं आणि ते दोन अर्ध्या भागांचं असतं. अर्धं रॉडला धरून, अर्धं सुटं. सुट्याला कॅप म्हणतात. कारखान्यात दोन्ही अर्धी एकत्र धरून कडं कोरतात, त्यामुळे कॅप एकाच बाजूने नीट बसते. उलटी लावली तरी बोल्ट लागतात, पण आतून ती चावते. म्हणून रॉडवर एक रेघ असते आणि कॅपवर एक. रेघ रेघेसमोर आणायची. मेस्त्रीने स्वतः खोललं असतं तर तिथे त्याची खाच असती. इथे फक्त कारखान्याची रेघ होती, सुईने ओढल्यासारखी.

त्याने कॅप लावली. मी बाजूला बोल्ट धरून उभी होते. हळूच म्हटलं, "मेस्त्री, रेघ जुळत नाही."

"काय?"

"रॉडवरची रेघ इकडे आहे. कॅपवरची तिकडे आहे."

त्याचा हात थांबला. अंगठा कॅपवरून फिरला, परत फिरला. त्याला काही लागलं नाही. विल्सन खुर्चीत पुढे सरकला.

मग मेस्त्री मोठ्याने हसला. "हरीशेठ, ऐकलं काय? हिला रेघ दिसली. हिच्या नवऱ्याला बाटलीवरची रेघ दिसायची, हिला रॉडवरची दिसते. घरानंच रेघांचं."

हरीशेठ पोट धरून हसला. विल्सन हसला नाही. म्हणाला, "पप्पा, रेघ आहे का तिथे?"

"हाय ना. कंपनीची नक्षी हाय ती. चौथी, बोल्ट दे."

मी बोल्ट दिले. एकदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सगळं बसल्यावर त्याने इंजिन हाताने फिरवलं. फिरताना एका जागी ते अडत होतं. हरीशेठने विचारलं, "घट्ट आहे का हो?"

"नवी नवरी हाय शेठ. पयल्या दिवशी अंग चोरणारच."

तेलपाणी झालं, हरीशेठने टेम्पोत घालून आणलेल्या गाडीवर इंजिन चढवलं. पहिल्याच झटक्याला सुरू झालं. मेस्त्रीने पेचकस दातांत धरला आणि डोळे मिटले. चांगलं इंजिन ऐकतानाचा त्याचा चेहरा मला माहीत होता, वाईट ऐकतानाचाही माहीत होता. त्याने ऐकलं. माझी खात्री आहे त्याने ऐकलं. आधीचा मेस्त्री असता तर पाना उचलला असता. पण समोर विल्सन चावी बोटावर फिरवत उभा होता.

पेचकस काढून तो म्हणाला, "बरं हाय."

लॉनवर त्या संध्याकाळी कुणाचा तरी साखरपुडा होता. मंडपवाले स्टेज बांधत होते, हरीशेठच्या घरची माणसं, मंडपाचे मजूर, सगळे गोळा झाले. तेलाचा डबा आणि पाने घेऊन मीही टेम्पोतून गेले होते. माळी चालवायला पुढे आला तर मेस्त्रीने त्याला बाजूला सारलं. "तू खोललंस, मी बांधलं. बस बाजूला." आणि स्वतः वर चढला. खाकी चड्डी, गंजिफ्रॉक, डोक्यावर कुणाची तरी टोपी घातलेली. लोक टाळ्या वाजवायला लागले.

पहिली फेरी भिंतीच्या कडेने गेली. भिंत त्याला अंधुक दिसत असणार. गवत छान कापलं गेलं. वळून दुसरी फेरी घेताना भिंत लांब राहिली आणि तो सरळ झेंडूच्या वाफ्यात शिरला. स्टेजसमोर मुद्दाम लावलेला, फुलांनी भरलेला वाफा. पात्याखालून पिवळी फुलं उडायला लागली. माळी ओरडत धावला, हरीशेठ ओरडला, बायका ओरडल्या, मजूर हसून लोळायला लागले. मेस्त्रीला वाटलं लोक कौतुक करतायत. त्याने एक हात वर केला, राजकारणी लोक करतात तसा, आणि सबंध वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून काढला.

विल्सन माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "दिसत नाही. अजिबात दिसत नाही म्हाताऱ्याला." आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं. हिशेब लागल्यासारखा बोलला.

तेवढ्यात आत काहीतरी खाडकन तुटलं. इंजिनाच्या बाजूला भोक पडून तेल बाहेर उडालं, धूर झाला, गाडी थांबली. मेस्त्री वर बसूनच राहिला. टोपीवर झेंडूच्या पाकळ्या. कुणीतरी मजूर ओरडला, "मेस्त्री, कुमसार करा!" गोखिवऱ्यात त्याची ही रीत सगळ्यांना माहीत होती. हरीशेठही पुढे आला. "हां मेस्त्री. माझ्याकडून घेतलात ना? आता बोला. मोठ्याने."

मेस्त्रीने मान फिरवली. मी कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं, तरी बोट बरोबर माझ्याकडे केलं.

"कॅप हिनं लावली," तो म्हणाला.

हरीशेठने माझ्याकडे बघितलं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी कॅप लावताना बघितली होती, विल्सननेही बघितली होती. दोघंही काही बोलले नाहीत. मी पाने उचलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मोडलेलं इंजिन गाळ्यात खोललं. रॉड मधेच तुटला होता, खालचं कडं कॅपसकट तसंच अखंड. मेस्त्रीने ते हातात घेतलं, भिंतीकडे गेला, चाचपून रिकामा खिळा शोधला आणि त्यावर अडकवलं.

"ब्रश घे. लिही."

"काय लिहू?"

"चौथी. आणखी काय?"

मी डब्यात ब्रश बुडवला आणि लिहिलं, बस्त्याव.

"मोठं लिहिलंस?"

"मोठं लिहिलं."

त्याने डोळे बारीक करून जवळ जाऊन बघितलं. "लाल दिसतंय. बरं हाय. लोकांना दिसायला पायजे."

"दिसेल," मी म्हटलं.

विल्सनने प्लॅस्टिकवाल्याशी बोलणी केली. नाताळ झाला की गाळा रिकामा करायचा ठरलं. तोवरचे काही महिने मेस्त्री गाळ्यात नुसता बसून असायचा, नवं काम येत नव्हतं. पण माणसं यायची. तो प्रत्येकाला भिंतीजवळ न्यायचा आणि त्या रॉडवर बोट ठेवायचा. "हे बघ. ही जी तिकडं बसलीय, तिनं केलं. एवढी वर्षं एक इंजिन परत आलं नव्हतं. हिनं माझं नाव घालवलं. वाच, वाच नाव."

माणूस नाव वाचायचा. मग माझ्याकडे बघायचा. मी माझं काम करत राहायची. कुणी तोंडावर हात धरून बाहेर पळायचं, कुणी खोकला आल्याचं सोंग करायचं. चहावाला रोज मुद्दाम विचारायचा, "मेस्त्री, ते कोणी तोडलं म्हणालात?" आणि मेस्त्री रोज सांगायचा.

पास्कल खास सांडोरहून आला. बायकोलाही घेऊन आला. मेस्त्रीने त्याला भिंत दाखवली. पास्कलने नाव वाचलं, बायकोला खुणेने दाखवलं, आणि मग फार गंभीरपणे म्हणाला, "बरोबर केलंत मेस्त्री. ज्यानं केलं त्याचं नाव भिंतीवर पायजेच."

"पायजेच," मेस्त्री म्हणाला. "मी कुणाला सोडत नाय."

पास्कलची बायको दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून हसत राहिली. मला तिचा राग आला नाही.

विल्सननेही वाचलं होतं. पहिल्याच आठवड्यात. वाचून तो मला म्हणाला, "मावशी, पुसू नका हां. मी मोतीबिंदू काढून पप्पांचे डोळे करून आणतो. त्यांना बघू दे."

आणि खरंच केले. बापाचे डोळे करायला इतकी वर्षं त्याला सवड नव्हती, ती आता मिळाली. एक डोळा झाला, नाताळ झाला, दुसरा झाला.

गाळा रिकामा करायच्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो दारात होता. विल्सन बापाला रिक्षाने घेऊन आला. मेस्त्रीच्या डोळ्यांवर काळा चष्मा. आत आल्यावर त्याने तो काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"चौथी, म्हातारी झालीस."

"तुम्हीपण."

तो भिंतीकडे वळला. या टोकापासून वाचायला लागला, मोठ्याने, एकेक नाव आणि त्याने काय बिघडवलं ते. सगळी नावं त्याला पाठ होती, तरी वाचत होता. दिसतंय म्हणून वाचत होता. शांतारामचं नाव आलं. वाचलं, "हेड" म्हणाला आणि पुढे गेला. मग शेवटच्या खिळ्याशी आला. ते नाव त्याने मोठ्याने वाचलं नाही.

विल्सन खिशात हात घालून दारात उभा होता. भंगारवालाही थांबला.

मेस्त्रीने रॉडचा तुकडा खिळ्यावरून काढला. उजेडाकडे धरला. रॉडवरची रेघ बघितली, फिरवून कॅपवरची बघितली. मग अंगठ्याचं नख दोन्हींवरून फिरवलं.

"रेघ बारीक हाय," तो म्हणाला.

"मला दिसली होती."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "आल्यागेल्यांनी वाचलं असंल."

"सगळ्यांनी."

"पास्कलनं?"

"बायकोला घेऊन आला होता."

"मला कोन बोललं नाय."

"तुमच्याशी कोण बोलणार, मेस्त्री?"

त्याने तुकडा पुन्हा खिळ्याला अडकवला, होता तसाच. लाल रंगाचा डबा शेजारी होता, ब्रशही होता. त्याला हात लावला नाही. विल्सनने भंगारवाल्याला खूण केली आणि तो भिंतीवरचं लोखंड काढून पोत्यात टाकायला लागला. शांतारामचं हेड, मग बाकीचं, मग तो रॉड.

मेस्त्री चष्मा न घालता दाराकडे निघाला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि दारातली पायरी त्यात स्वच्छ दिसत होती. तरी तो उंबऱ्याशी थांबला, एक पाय पुढे करून तिला चाचपत राहिला, आणि ती सापडल्यावर खाली उतरला.